चहाचे पहिले तीन घोट: आवडीच्या रोजच्या कामांत भान कसं ठेवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सकाळचा आल्याचा चहा, आठवड्यातून चार-पाच दिवस पुण्यातल्या एआरएआयच्या टेकडीवरचं फिरणं आणि रात्री झोपण्याआधी ऐकलेलं गाणं, या तुमच्या दिवसातल्या सगळ्यात आवडीच्या गोष्टी. पण चहा संपल्याचं कप रिकामा झाल्यावरच लक्षात येतं, टेकडी उतरून झाली तरी डोक्यात ऑफिसच चालू असतं. डोळे मिटून ध्यानाला बसणं दोनदा सुरू केलं आणि दोनदा सोडलं. मग या आवडीच्या गोष्टीच भान ठेवून करता येतील का, आणि नेमकं काय करायचं?

करता येतील. ध्यान जमलं नाही म्हणून काढलेली ही पळवाट आहे, असंही मनात आणू नका. बुद्धाच्या स्मृतिप्रस्थानाच्या, म्हणजे भान जोपासण्याच्या, शिकवणीत चालणं, खाणं, पिणं, चाखणं ही कामं भान राखायच्या जागा म्हणून सरळ नावानिशी सांगितलेली आहेत. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला, त्यात सुरुवातीलाच एक बेदाणा हातात घेऊन, पाहून, हुंगून, सावकाश खायला लावतात. खाण्यापिण्यापासून सुरुवात करणं ही जुनी आणि पक्की वाट आहे.

एक गैरसमज मात्र आधी काढायला हवा. काम आवडीचं असलं की मन आपसूक तिथेच राहील, असं आपण धरून चालतो. हार्वर्डचे मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली २,२५० जणांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं होतं की आत्ता तुम्ही काय करताय आणि मन कुठे आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि काम कोणतं आहे याने त्यात फारसा फरक पडत नव्हता. मन एखाद्या सुखद विचारात रमलेलं असलं तरी माणसं समोरच्या कामात असतानापेक्षा जास्त खूश नव्हती.

कारण साधं आहे. रोजचं आवडीचं काम हाताला पाठ झालेलं असतं आणि त्यात काही अडत नाही. अडलं नाही की लक्ष मोकळं सुटतं. इंजेक्शन घेताना मन ऑफिसात जात नाही, चहा पिताना जातं. त्यामुळे तुमचं मन चंचल आहे वगैरे निष्कर्ष काढू नका. पाठ झालेल्या कामात लक्षाला टेकायला एखादी जागा मुद्दाम करून द्यावी लागते, एवढाच याचा अर्थ.

दुसरी शंका मराठी माणसाला हमखास येते. आपल्याकडे ‘देहभान विसरून ऐकलं’ ही दाद असते. मग भान ठेवायचं की विसरायचं? इथे तल्लीनता आणि तंद्री या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. तल्लीनतेत माणूस स्वतःला विसरतो, पण समोरची गोष्ट त्याला बारकाईने दिसत असते. तंद्रीत समोरची गोष्टच नाहीशी होते. ओळखायची खूण सोपी आहे. काम झाल्यावर स्वतःला एकच विचारा: मधलं काय आठवतंय? एक घोट, एक वळण, एक तान, काहीही. आठवलं तर तुम्ही तिथे होता. काहीच आठवलं नाही तर ती तंद्री. आपल्याला मिटवायची आहे ती तंद्री. तल्लीनतेला हात लावायचा नाही.

आता चहा. सुरुवात इथूनच करा, कारण तो रोज होतो, छोटा असतो आणि त्याला सुरुवात-शेवट आहे. पहिला आठवडा सगळा कप भान ठेवून प्यायचा प्रयत्न करू नका. फक्त पहिले तीन घोट. बहुतेकांचं इथेच चुकतं: पहिल्या दिवशी अख्खा कप, तिसऱ्या दिवशी कंटाळा, पाचव्या दिवशी बंद.

कप ओतल्यावर तीन-चार मिनिटं थांबा. भाजणाऱ्या चहात चटका तेवढा कळतो, चव कळत नाही. शिवाय ६५ अंशांच्या वरची पेयं नेहमी पिणं अन्ननलिकेला घातक असू शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं आहे, त्यामुळे हे थांबणं तसंही फायद्याचं. थांबताना कप दोन्ही हातांत धरा आणि वास घ्या, पण लांब श्वास ओढून नव्हे. दोन-तीन छोटे, हलके हुंगे पुरतात. नाक कोणत्याही वासाला काही मिनिटांत सरावतं, म्हणून वास पहिल्या काही क्षणांतच टिपायचा. नंतर शोधत बसलात तर तो सापडणार नाही आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटेल.

पहिला घोट स्पर्शासाठी. ओठाला कपाची कड, जिभेवर ऊब, घशातून खाली उतरणारी रेघ. चवीचा विचार नको. दुसरा घोट वासासाठी, आणि यात एक युक्ती आहे: गिळल्यावर तोंड मिटलेलं ठेवून नाकाने हळू श्वास बाहेर सोडा. आल्याचा, वेलचीचा खरा स्वाद तेव्हा येतो, कारण तोंडातला वास घशामागून नाकात चढतो. सर्दीत चहा पांचट लागतो तो हा मार्ग बंद झाल्यामुळे. तिसरा घोट गिळल्यानंतर दहा-पंधरा सेकंद काहीच करू नका. गोडी आधी ओसरते, आल्याचा तिखटपणा घशात रेंगाळतो आणि हिरड्यांशी चहाचा तुरटपणा उरतो. हा तुरटपणा रोज असतो, पण लोक चौथा घोट घाईने घेऊन तो धुऊन टाकतात.

एवढं झालं की वर्तमानपत्र उघडा, फोन घ्या, काय हवं ते करा. ही मोकळीक खरी हवी, मनातल्या मनात नाराजीने दिलेली नको. चहा निवायची वाट पाहणं सोडलं तर सगळं मिळून जेमतेम दोन मिनिटांचं काम आहे आणि ते पूर्ण झालेलं आहे.

दुसऱ्या आठवड्यात चहा करणंही त्यात घ्या. दोन कपांसाठी दीड कप पाणी, अर्धा-पाऊण कप दूध, इंचभर आलं, दोन लहान चमचे चहा, साखर तुमच्या सवयीप्रमाणे. पाणी गॅसवर चढवलं की कान तिकडे लावा. आधी शांतता, मग बारीक सूंऽऽ असा आवाज, तो वाढत जातो, आणि पाणी खळखळून उकळायच्या जरा आधी एकदम उतरतो. तळाशी तयार होणारे वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात फुटून विरतात तो हा सूं आवाज. सगळं पाणी तापलं की ते फुटायचे थांबतात, सरळ वर येतात आणि आवाजाचा पोत बदलतो. हा बदल आठवडाभर रोज पकडायचा, बस्स. आलं ठेचून पाण्यातच घाला आणि चांगलं उकळू द्या. कच्चं आलं दुधात पडलं तर दूध नासू शकतं, कारण आल्यात दूध फाडणारं द्रव्य असतं आणि उकळल्यावर ते निकामी होतं. शेवटी दूध घातल्यावर चहा वर येतो, तेव्हा तर लक्ष ठेवावंच लागतं. लक्ष ठेवायला भाग पाडणाऱ्या अशा जागा नवशिक्याला फार उपयोगी पडतात. फोडणीही तशीच: मोहरी तडतडते, तिचा आवाज मंदावतो, मग हिंग-हळद, आणि कढीपत्ता टाकल्याचा तो एकदम मोठा चर्र आवाज. मिनिटभराचं काम आहे, पण त्या मिनिटात माणूस दुसरीकडे असला तर मोहरी जळते आणि लगेच कळते.

घरात माणसं आहेत, त्यांचं काय? ‘आई, पाच मिनिटांत आले,’ असं सासूबाईंना आधीच सांगितलेलं बरं. तरीही मध्येच कोणी बोललं तर चहा बाजूला ठेवा आणि त्यांचं बोलणं पूर्ण ऐका. त्या वेळचं भान म्हणजे तेच. एक कान घोटाकडे आणि एक कान माणसाकडे, असं केल्याने दोन्ही बिघडतं, आणि घरच्यांना तुमच्या या अभ्यासाचा राग यायला लागतो.

मन निसटणारच. दुसऱ्या घोटालाच सकाळची मीटिंग आठवेल. ती आठवली हे लक्षात येणं म्हणजेच सरावाचा गाभा. मनात एकच शब्द म्हणा, ‘विचार’, आणि तोंडातल्या चवीकडे परत या. विचार का आला, तो किती वेळ होता, हा तपास नको. ज्या पाली शब्दावरून हे सगळं आलं तो ‘सति’ म्हणजे स्मृती, आठवण. न निसटणं असा त्याचा अर्थ नाही. निसटल्यावर परत यायची आठवण होणं, असा आहे. म्हणून तीन घोटांत पाच वेळा निसटून पाच वेळा परत आलात, तर तो दिवस चांगला गेला असं समजा.

टेकडीवर लोक एक वेगळी चूक करतात: पूर्ण तासभर ‘वर्तमानात’ राहायचं ठरवतात. त्याऐवजी वाटेचे तुकडे पाडा. एखादं झाड किंवा वळण सुरुवात म्हणून आणि दुसरं शेवट म्हणून ठरवा. मध्ये दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको. त्या तुकड्यात फक्त पावलं. टाच टेकते, वजन पुढे सरकतं, बोटांनी जमीन ढकलली जाते. चढावर टाच नीट टेकत नाही आणि पोटऱ्या ताणतात, उतारावर गुडघ्याच्या वरचे स्नायू लगाम धरतात; हा फरक कळायला लागला की पुरे. चाल मुद्दाम हळू करू नका. शिबिरात शिकवतात तशी अतिसावकाश चाल टेकडीवर कृत्रिम होते, तोल जातो, आणि मागून येणाऱ्यांचा खोळंबा होतो. पावसाळ्यात मुरूम आणि शेवाळ निसरडं असतं, तेव्हा पाय आपोआप लक्ष मागून घेतात. पर्वतीच्या १०३ पायऱ्याही या कामाला उत्तम आहेत: पायऱ्या रुंद आहेत, अंतर ठरलेलं आहे आणि वर पोचल्यावर थांबायला जागा आहे.

वर पोचलात की तीन मिनिटं ऐका. आधी सगळ्यात लांबचा आवाज, बहुधा पौड रोडची वाहतूक. मग मधले आवाज, मग अगदी जवळचा, म्हणजे स्वतःचा श्वास. वाहतुकीवर चिडू नका. तोही आवाजच आहे आणि तो ऐकल्यावर पक्षी जास्त स्पष्ट होतात. उन्हाळा जवळ आला की तांबटाची एकसारखी टुक्-टुक् येते, ती दहा-बारा ठोके तुटू न देता ऐकणं हा फार सुंदर सराव आहे. पावसाआधी पावशा असतो, मोर तर असतातच. पक्षी ओळखता आला नाही म्हणून फोन काढू नका. नाव घरी गेल्यावर शोधता येतं. नाव मिळाल्याबरोबर बहुतेकांचं ऐकणं थांबतं, हे तुम्हीच करून पाहा.

टेकडीपर्यंत दुचाकीवर जात असाल तर एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: गाडी चालवताना श्वास मोजणं, आतली संवेदना पाहणं, असलं काहीही करू नका. तिथलं भान म्हणजे रस्ता, आरसे, डावीकडून घुसणारी रिक्षा. सिग्नलला थांबलात तर हँडलवरची मूठ सैल करा, खांदे खाली सोडा. त्याहून जास्त काही नको.

रात्रीच्या गाण्याबद्दल जरा सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण सवाई गंधर्व महोत्सवाच्या या गावात ऐकणारे खूप आहेत आणि ऐकण्याचा सराव मात्र क्वचितच कोणी करतो. वीस मिनिटं ठेवा. स्क्रीन उलटी, दिवा मंद, शक्यतो हेडफोन. पहिला मिनिटभर गायकाकडे दुर्लक्ष करा आणि फक्त तानपुरा ऐका. तो सतत असतो, म्हणून मन निसटलं की परत यायला तीच जागा. मग तबला सुरू झाला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पकडायची. मध्य लयीच्या तीनतालापासून सुरुवात करा: सोळा मात्रा, पहिलीवर सम, नवव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे बिनटाळीची जागा, तिथे डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो. बोटांवर मोजा, टाळी-खालीने मोजा, लाज नको. पाच-सहा आवर्तनांत, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्यांत, गायकाचा मुखडा (परत परत येणारी ओळ) समेकडे कसा ओढला जातो ते अंगाला कळायला लागतं. विलंबित एकतालाला बारा मात्रा, पण त्या इतक्या ताणलेल्या असतात की एक आवर्तन कधी मिनिटभरही चालतं. त्यात मोजणारा हमखास हरवतो. म्हणून तो दोन महिन्यांनी. मोजणं ही काठी आहे. सम आपसूक जाणवायला लागली की मोजणं सोडा, नाहीतर तान समोरून निघून जाईल आणि तुम्ही अकरा-बारा करत बसाल.

गाणं ऐकताना झोप आली तर झोपा. तो सराव बिघडला असं नाही. पण रोजच पाचव्या मिनिटाला डोळे मिटत असतील तर वेळ जेवणाआधीची करा.

झाडांना पाणी घालणं, आंघोळीचे पहिले तीन तांबे, भाजी निवडणं यांनाही हाच नियम: पहिला छोटा तुकडा, एक इंद्रिय, मग मोकळीक. मेथी निवडायची असेल तर बोटं आणि वास. त्यापलीकडे काही सांगण्यासारखं नाही.

आता बिघाड कुठे होतात ते. सगळ्यात जास्त त्रास देते ती मनातली कॉमेंट्री: ‘आता मी कप उचलतेय, आता ऊब जाणवतेय.’ हे भान नाही, बातमीपत्र आहे. शब्द आला तर एक येऊ द्या आणि सोडा. वाक्य सुरू झालं की शरीराकडे परत. त्याच्या खालोखाल त्रास ‘मला आनंद होतोय ना?’ या प्रश्नाचा. अमेरिकेत २००३ साली झालेल्या एका प्रयोगात लोकांना तेच संगीत ऐकवलं. ऐकताना आनंदी व्हायचा प्रयत्न करा असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा कमी आनंद मिळाला. तुम्ही चव पाहा, सूर पाहा. आनंद झाला तर तो शरीरात कुठे आहे तेही पाहा: छातीत सैलपणा, चेहऱ्यावर ऊब, जे असेल ते. पण त्याची मागणी करू नका.

आवडीच्या गोष्टीत एक खास सापळा असतो, तो म्हणजे पुढच्या घोटाची ओढ. तोंडात एक घोट असतानाच हात दुसऱ्याकडे जातो. हे थांबवायचं नाही, नुसतं पाहायचं: हात कधी उचलला गेला, त्याआधी घशात काय झालं. कप संपत आल्याची किंचित हुरहुरही पाहण्यासारखी असते. ती दाबली की चहा लांबवला जातो, थंड होतो आणि शेवटचे घोट जबरदस्तीचे होतात.

फोटो काढायचा तर तुकडा सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर. श्वास मुद्दाम खोल करू नका, हलकं वाटण्याऐवजी गरगरायला लागेल. आणि एकाच वेळी तीनही कामांत सराव सुरू करू नका. तीन आठवडे फक्त चहा, मग टेकडी, गाणं शेवटी. नोंद हवीच असेल तर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकटीत एक टिंब. गुण नकोत, तारे नकोत. चौकटी रिकाम्या राहिल्या तर तुकडा आणखी लहान करा, तीन घोटांचा एक.

महिना-दीड महिन्याने सगळं शिळं वाटायला लागतं. तेव्हा लोक दुसरं काम शोधतात. त्यापेक्षा काम तेच ठेवा आणि इंद्रिय बदला. चहाचा वास महिनाभर पाहिला असेल तर आता रंग पाहा, दूध पडताना तो कसा उमलतो ते. टेकडीवर ऋतूच मदत करतो: फेब्रुवारीत पानं गाळून बसलेली सावर लाल होते, पावसाळा सरताना पहाटे कुणाच्या कुंपणाबाहेर प्राजक्ताचा सडा असतो.

एक सावधगिरी. काही जणांना शांत झाल्यावर दुःख किंवा धडधड वर येते. तसं झालं तर डोळे उघडे ठेवा, तळवे जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तू पाहा आणि त्या दिवशी थांबा. पण चहा, टेकडी, गाणं, आवडीचं सगळंच दोन आठवड्यांहून जास्त बेचव लागत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर हा सरावाचा प्रश्न नाही, डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

टेकडीवर मैत्रीण सोबत असते, तिच्याशी गप्पा होतात, तेव्हा काय, असंही तुम्ही विचारलं होतं. गप्पा बंद करू नका. तिला सांगून ठेवा की चढताना आपण न बोलता चढू आणि उतरताना बोलू. चढावर दम लागतो, त्यामुळे ही वाटणी दोघींनाही सोयीची आहे. उतरताना ती बोलत असेल तेव्हा आपलं उत्तर मनात जुळवायला कधी सुरुवात होते तेवढं पाहा, आणि तिचं वाक्य संपेपर्यंत थांबा.